अकरा नंबरची दुसरी नळी

११ जानेवारी

दुखण्यावरच्या नव्या गोळीच्या चाचणीला बारा जणांना बोलावलं होतं, सकाळी सहाला हजर अकराच. अकरा नंबरवाल्याने फोन बंद करून ठेवलेला. उपाशीपोटी यायचं म्हटलं की लोकांना घरची कामं आठवतात. बाराच्या जागी अकरा माणसं दिसली की परवाना समिती पहिलं बोट तिथे ठेवणार, म्हणून शेवटी धाकट्याला उठवलं. निरोगी आहे, व्यसन नाही, आणि त्याला सहसा कुठे जायचं नसतं. चाचणी घेणाऱ्याचा सख्खा भाऊ नियमात बसत नाही, तेव्हा कागदावर 'परिचित' लिहिलं. खोटं काय त्यात, बेचाळीस वर्षांचा परिचय आहे.

गोळी गिळून त्याने विचारलं, "दादा, आता ही जाते कुठे?" मी सांगितलं: पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात, रक्तातून यकृतात. यकृत तिचे तुकडे पाडतं आणि तुकडे लघवीवाटे बाहेर. किती वेळात किती बाहेर पडलं हे मोजायचं, एवढाच माझा वीस वर्षांचा धंदा. तो म्हणाला, "म्हणजे मोरीचं काम." दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, त्याला एवढंच समजायचं.

रक्त काढायला घड्याळबाई. हे नाव मीच ठेवलं, आता अख्खी प्रयोगशाळा वापरते. आठ वाजताचं रक्त आठ वाजून दोन मिनिटांनी निघालं तर ती दोनच लिहिते. प्रत्येक वेळच्या रक्ताच्या दोन नळ्या करते, एक मशिनीला, दुसरी डीप फ्रीजरमध्ये, अडीअडचणीला. पंधरा वर्षांत ती अडचण आली नाही, पण फ्रीजर भरत आलाय.

१३ जानेवारी

अठ्ठेचाळीस तासांचं शेवटचं रक्त झालं. बाकीचे अकरा काल दुपारपासूनच पत्ते कुटत होते. धाकट्याला मात्र दंड धरून बसवावं लागलं. म्हणाला, "दादा, जीभ जड झालीय." मी म्हटलं, तुझं सगळंच लहानपणापासून जड आहे. तो हसला. मी काहीही बोललो तरी तो हसतो, आणि त्याचाच मला राग येतो.

संध्याकाळी आईचा फोन. "काय दिलंस रे त्याला? आल्यापासून झोपलाय. हाक मारली तर हूं करतो, डोळे उघडत नाही." सांगितलं, काम न करण्याची संधी मिळालीय, घेतोय बिचारा.

२० जानेवारी

आकडे आले. अकरा जणांच्या रक्तातलं औषध सहा तासांत निम्मं होतंय, जणू एकाच आईच्या पोटचे. त्याच भरवशावर मी दिवसाला दोन गोळ्या ठरवल्या आहेत. आणि अकरा नंबर? त्याच्या अंगातून निम्मं जायला तीस तास. तो एकटा आत घेतला की सरासरी कुठल्या कुठे जाते, मात्रा पुन्हा ठरवायची, पुन्हा माणसं, पुन्हा एक वर्ष. मला निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. हे औषध माझ्या नावावर बाजारात आलं नाही तर माझ्या नावावर काय राहणार?

घड्याळबाईला बोलावून म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झालीय. ती म्हणाली, "सर, अदलाबदल असती तर एखादा आकडा उडाला असता. इथे दहाच्या दहा आकडे एका रेषेत खाली येतायत. हे यकृतच सावकाश काम करणारं आहे. शंभरात पाच-सात निघतात, तुम्हीच शिकवता आम्हाला."

शिकवतो मी. ऐकायचंही मीच, असं कुठे लिहिलंय?

जाता जाता दाराशी थांबली. "अकरा नंबर कोण आहेत ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, म्हणून बोलते. हे आईबापांकडून येतं. तुमच्या घरात आणखी कुणाला..." मी म्हटलं, घरचं माझं मी बघेन, तुम्ही नळ्या बघा. तोंड एवढंसं करून गेली.

२२ जानेवारी

अकरा नंबर बाद. कारण: 'नमुना हाताळण्यातील चूक'. त्यावर हाताळणाऱ्याची सही लागते आणि बाई सही करेना. "माझ्याकडून चूक झालेली नाही, सर." आवाज चढवला नाही, रडली नाही, नुसतं तेच वाक्य चार वेळा. संचालकांना सांगून तिची बदली तळघरात करवली, काचसामान धुण्याच्या विभागात. तिथे घड्याळ नाही. हे मी मुद्दाम तपासून आलो, आणि परत येताना जिन्यात मला हसू आवरेना. सही तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाने केली. तो त्या दिवशी इमारतीतसुद्धा नव्हता.

मनाला थोडं लागलं, हे इथे लिहून ठेवतो. ही वही तेवढ्यासाठीच आहे. पंधरा वर्षं तिने माझा एक आकडा चुकू दिला नव्हता. पण धाकट्याच्या पायी माझी कामं बिघडण्याची ही पहिली खेप नाही. माझ्या कॉलेजच्या वह्यांवर चित्रं काढायचा तो. आई म्हणायची, किती सुंदर काढलंय बघ.

२ फेब्रुवारी

आईकडे गेलो. उजव्या गालातली कळ आता गार हवा लागली तरी उठते. घास तोंडाशी नेते आणि तसाच खाली ठेवते. पाच महिन्यांत अर्धी झालीय. जुन्या गोळ्यांनी काही फरक नाही. मी असल्या दुखण्यावर औषध करतो आणि माझी आई पातळ सूप नळीने पिते, हे आता बघवेना. मी खिशातून बाटली काढली. आमच्याच गोळ्या, साठ, मोजून भरलेल्या. परवाना नाही अजून, पण परवाना कागदाला लागतो, आईला नाही.

धाकटा तिच्याजवळ राहतो, म्हणजे तिच्या जिवावर राहतो. त्याला बजावलं: सकाळी आठला एक, रात्री आठला एक. उद्यापासून. एकही चुकवायची नाही.

त्याने लगेच पुठ्ठा घेतला आणि तक्ता आखला. दर दिवसाला दोन गोळे, वर तारीख, अक्षरं अशी की छापल्यासारखी. गोळी दिली की गोळा निळ्या रंगाने भरायचा. तक्ता आईच्या खुर्चीसमोर खिळ्याला टांगला. आई म्हणाली, "किती सुंदर काढलंय बघ." चौऱ्याहत्तराव्या वर्षीही वाक्य तेच.

६ फेब्रुवारी

आई जेवली! आधी धाकट्याने फोनवर सांगितलं, मग तिने स्वतः फोन घेतला. "अरे, मी पाव चावून खाल्ला. उजव्या बाजूने." मग म्हणाली, "तुझ्या हाताला यश आहे रे." हे वाक्य मी पन्नास वर्षं तिच्या तोंडून ऐकायची वाट बघत होतो. प्रयोगशाळेत दिवसभर शीळ घालत फिरलो. शिपाई दोनदा बघून गेला, मला बरं आहे ना म्हणून.

११ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन, ऐन बैठकीत. "दादा, आई जेवता जेवता झोपते. चमचा हातातून पडतो."

"पाच महिन्यांची झोप साठलीय. दुखत नाही म्हणून झोपते."

"तसं नाही रे. जीभ जड झालीय म्हणते. मला झालं होतं ना, अगदी तसंच."

"तू कधीपासून डॉक्टर झालास?"

मग भीतभीत म्हणाला, "अर्धी देऊन बघू का? दोन दिवस नुसती अर्धी."

समोर संचालक, समितीचे दोघं, सगळे माझ्याकडे बघताहेत. मी म्हटलं, तू पाट्या रंगव, औषधात डोकं घालू नकोस. अर्धीबिर्धी काही नाही. एक जरी चुकली आणि कळ परत आली, तर तिच्यासमोर तुला उभा करीन.

"बरं दादा," म्हणाला. हसला नाही, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

१४ फेब्रुवारी

रविवार. आईजवळ तीन तास बसलो. खुर्चीत शांत बसली होती, चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला टोकलं नाही, माझ्या बायकोचा विषय काढला नाही. (बायको सहा वर्षांपूर्वी मला सोडून गेली. जाताना म्हणाली, तुम्ही औषधांवर एवढं काम करता, पण तुम्हीच कुणाला पचत नाही.) मी समितीचं सगळं सांगितलं, आई मान हलवत होती. मग कळलं की मी थांबलो तरी मान हलतेच आहे.

निघताना तिने माझा हात धरला आणि मला धाकट्याच्या नावाने हाक मारली. वाईट वाटलं. एवढं करून शेवटी नाव त्याचंच. वयाने होतं असं, दुसरं काय.

तक्ता बघितला. एकही गोळा रेषेबाहेर रंगलेला नाही. स्वयंपाकघरात धाकटा म्हणाला, "दादा, एकदा तिचं रक्त तरी बघ ना." मी म्हटलं, दुखणं गेलं ते दिसतंय ना, रक्त कशाला? खरं कारण वेगळं. मशिनीवर नोंद राहते, आणि नोंद राहिली की गोळ्या घरी कशा आल्या हा प्रश्न आला. पुढच्या आठवड्यात मोठ्या चाचणीच्या परवान्याचा अर्ज जायचाय.

१९ फेब्रुवारी

सकाळी आठची गोळी द्यायला धाकटा गेला तर आई उठेना. मी पोचेतो इस्पितळात नेलं होतं. श्वास मिनिटाला सात. घासातलं काहीतरी फुप्फुसात गेलंय.

ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, कसली औषधं चालू होती. मी म्हटलं, दुखण्यावरची एक गोळी, झोप आणणारी. भाऊ देतो. तो जरा विसराळू आहे, दोनदा दिली असेल.

हे बोलताना मला ते खरंच वाटत होतं. देवाशपथ खरं वाटत होतं. धाकटा बाजूलाच उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे. बोटांना निळा रंग होता.

नर्सकडून रक्ताची एक नळी मागून घेतली. डॉक्टरांचा डॉक्टर म्हणून मला कोणी अडवत नाही. आईच्या घरी जाऊन गोळ्यांची बाटली उचलली आणि बॅगेत टाकली.

२० फेब्रुवारी

आई गेली. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. मिनिट मी लिहून घेतलं, सवयीने.

२३ फेब्रुवारी

सगळे जेवायला गेल्यावर आईच्या रक्ताची नळी स्वतः मशिनीला लावली. धाकट्याने तिला किती जादा दिली, एवढंच मोजायचं होतं. आकडा आला तो भयंकर. एवढं औषध दोनदा दिल्याने चढत नाही, चारदा दिल्यानेही नाही. मग बाटली ओतून गोळ्या मोजल्या. अठ्ठावीस. तक्त्यावर सोळा दिवसांचे बत्तीस गोळे भरलेले. बत्तीस आणि अठ्ठावीस साठ. खुर्चीत बसून पुन्हा मोजल्या. मग उभं राहून मोजल्या.

तळघरात गेलो. घड्याळबाई रबरी हातमोजे घालून चंचुपात्रं विसळत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "अकरा नंबरच्या दुसऱ्या नळ्या खालच्या कप्प्यात आहेत, सर. मागच्या बाजूला. कुणी फेकू नयेत म्हणून वर जुने डबे ठेवलेत." मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि नळ बंद केला. "घरात कुणाला दिलंत?"

मी म्हटलं, तुमचं काम करा.

दहा नळ्या लावल्या. दहाच्या दहा आकडे जानेवारीचेच. अदलाबदल कधी झालीच नव्हती. धाकट्याचं यकृत मंद, आणि आईचं त्याहून मंद, वयामुळे. आदल्या गोळीचं औषध बाहेर पडायच्या आत पुढची, त्यावर पुढची. सोळा दिवस मी मोरीला बोळा लावून नळ चालू ठेवला होता. आणि मोरी हा शब्द मला त्याने दिला होता.

फ्रीजरशी उभा राहून रडलो. आईसाठी रडलो की स्वतःसाठी, हे मला सांगता येणार नाही. त्याच आईच्या पोटचा मीही आहे. माझं रक्त मी मशिनीला लावलं नाही.

२५ फेब्रुवारी

अर्ज गेला. अकरा जणांचा.

काल दिवसभर समोर ठेवून बसलो होतो. अकरा नंबर परत घातला तर कुणीतरी विचारणार, आता का? आणि 'आता का' याला एकच उत्तर आहे. समितीला पुढे हळूहळू कळवता येईल, मंद यकृतवाल्यांना मात्रा कमी द्यावी म्हणून. पुढच्या टप्प्यात, मोठ्या चाचणीत, असे निघतीलच दोन-चार, तेव्हा शोध लागला असं म्हणता येईल. तोवर औषध बाजारात नाही, कुणाचं काही बिघडत नाही. ज्याचं बिघडायचं त्याचं बिघडून गेलं.

सही पहिल्या झटक्यात नेहमीसारखी उमटली. याचंच मला भय वाटलं.

दुसऱ्या नळ्या कचरा जाळायच्या भट्टीत टाकल्या. बाईला वर परत बोलावणार होतो, निदान तेवढं करावं असं मनात होतं. पण वर आली की ती रोज माझ्याकडे बघणार.

२७ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. बाहेर पडत नाही, कामावर जात नाही. "दादा, मी आठवून आठवून बघतो. मी दिली आणि गोळा भरायला विसरलो, आणि मग पुन्हा दिली, असं झालं असेल का? तुला काय वाटतं?"

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "होतं असं कधीकधी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मग म्हणाला, "तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, दादा. दुसरा कोणी असता तर..."

१ मार्च

सकाळी त्याच्याकडे गेलो. आईची खुर्ची तशीच, समोर तक्ता तसाच. एकोणीस तारखेचे दोन गोळे कोरे. धाकट्याची दाढी वाढलीय, डोळे लाल. दहा दिवस झोप नाही म्हणाला. मग म्हणाला, "दादा, ती गोळी दे ना मला एक. त्या वेळी कशी झोप लागली होती, दोन दिवस. मला तशी झोप पाहिजे."

नको म्हटलं.

"का नको? आईला चालली. मला तर आधीही दिली होतीस."

प्रत्येक 'का'च्या मागे तेच दार. शिवाय त्याची अवस्था बघवत नव्हती, हेही खरं आहे, आणि एका गोळीने तो मरत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पण त्याचं अंग आधीच खचलेलं, पोटात काही नाही. वीस वर्षांच्या सवयीने डोक्याने आपोआप हिशेब केला. बॅगेतून बाटली काढली, एक गोळी टेबलावर ठेवली, भाजीच्या सुरीने तिचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्याकडे सरकवला.

"अर्धीच घे."

त्याने ती तळहातावर घेतली. दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला उचलला, आणि तसाच थांबला.

"अर्धी का?"

"तुला पुरेल तेवढी."

तो तळहाताकडे बघत होता. पाट्या रंगवणारा माणूस, अक्षर लिहायच्या आधी तो अशीच जागा डोळ्याने मोजून घेतो. पेला खाली ठेवला. अर्धी गोळी दुसऱ्या अर्धीशेजारी ठेवली, कडा जुळवून. मग उठला, तक्ता खिळ्यावरून काढून टेबलावर आडवा ठेवला आणि एकेका निळ्या गोळ्यावर बोट ठेवत मोजायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा. बत्तीसला थांबला.

मग बाटली स्वतःकडे ओढली. मी हात पुढे केला नाही. का केला नाही, माहीत नाही. त्याने गोळ्या पुठ्ठ्यावर ओतल्या, दहा-दहाचे ढीग केले. दोन ढीग आणि सात. ते दोन अर्धे उचलून सातांशेजारी ठेवले.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "मी एकही जादा दिली नाही."

मी भाजीची सुरी उचलून पुसायला लागलो.

"फोनवर विचारलं होतं तुला मी. अर्धी देऊ का म्हणून."

तो हसला नाही, ओरडला नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, आईच्या खुर्चीला पाठ करून, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. रंग निघून गेला होता, बोटं स्वच्छ होती.

"चालली असती ना, दादा? आईला अर्धी चालली असती ना?"